राम जोशी नावाचे दोघे

राम जोशी हे नाव सोलापुरात कुणाजवळ काढले, तर समोरचा आधी विचारतो, कोणते राम जोशी? नाव राम, आडनाव जोशी. महाराष्ट्रात याहून सर्वसाधारण जोडी शोधून सापडायची नाही. शाळेच्या हजेरीपटावर, मतदारयादीत, बँकेच्या खातेवहीत एखादा राम जोशी हमखास भेटतो. नावामागे शाहीर हा शब्द लागला की मात्र प्रश्न संपतो आणि डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. डफावर थाप मारणारा तरणाबांड गायक, चढा आणि गोड आवाज, समोर नाचणारी बया. हे चित्र इतके ठसठशीत आहे, की ते राम जोशींचे नाही याचा अनेकांना पत्ताच नसतो. ते आहे जयराम शिलेदार यांचे. १९४७ साली पडद्यावर आलेल्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटातील नायकाचे ते रूप.

खरे राम जोशी त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तले होते. छायाचित्रणाची कला जन्माला येण्यापूर्वीच ते गेले, त्यामुळे त्यांचे छायाचित्र असण्याचा प्रश्नच नाही. एकाच नावाची ही दोन माणसे, एक हाडामांसाचा कवी आणि एक पडद्यावरचा नायक, आज लोकांच्या मनात पुरती एकजीव झाली आहेत. त्यात पहिल्याचे नेमके काय हरवले, हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा उलगडून पाहावे लागते.

नामसाधर्म्याचा हा घोटाळा मराठीला नवा नाही. संत नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली आणि ती वेगळी काढताना अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगलाच रंगला. वामन पंडितांच्या बाबतीतही वामन किती, असा प्रश्न विचारला गेला. अलीकडच्या काळात यावे तर हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे ही जोडी डोळ्यांपुढे येते. नावांची उलटापालट पाहून पुष्कळ वाचक त्यांना बापलेक समजतात. ते तसे नव्हते. 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारे हरिभाऊ १९१९ साली वारले. 'न पटणारी गोष्ट' ही नारायण हरींची कादंबरी. तिच्यावरून १९३७ साली प्रभात कंपनीने 'कुंकू' काढला आणि त्याच्या नायिका होत्या शांता आपटे. लेखक आपटे, नायिका आपटे. नवख्या वाचकाचा गोंधळ उडाला तर त्याला दोष कसा द्यावा?

कोल्हटकरांचेही तसेच. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९६ साली 'वीरतनय' रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटककार होते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि मंडळीचे लाडके गायक नट होते भाऊराव कोल्हटकर. पुढे 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर आले, चिंतामणराव कोल्हटकर आले. चिंतामणराव तर नट असून लेखकही निघाले. त्यांच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापुरात १९४१ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. त्यांचे जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. म्हणजे इथे दोन नावे आणि माणूस एक. असो. आपल्या राम जोशींची गोष्ट या सर्वांहून थोडी निराळी आहे. त्यांना गिळून टाकले ते दुसऱ्या कवीने नव्हे, त्यांच्याच नावाच्या एका भूमिकेने.

राम जगन्नाथ जोशी हे सोलापूरचे. जन्मसाल कुणी १७५८ देतात, कुणी १७६२. घराणे वैदिक, जोशीपणाची वृत्ती असलेले. वडील बंधू मुद्गल हे पुराण सांगत आणि शास्त्रव्यासंगासाठी त्यांना गावात मान होता. अशा घरातील धाकट्या मुलाने काय करावे, हे तो जन्माला येण्यापूर्वीच ठरलेले असते. संथा घ्यावी, पंचांग शिकावे, थोरल्याच्या मागे पोथी घेऊन बसावे. रामचा ओढा दुसरीकडेच होता. गावात धोंडी नावाच्या शाहिराचा फड होता. त्या फडाभोवती हा मुलगा घुटमळू लागला, मग त्यांच्यासाठी कवने रचू लागला आणि शेवटी त्यांच्यात जाऊन बसू लागला.

आज तमाशाला लोककला म्हणून पुरस्कार मिळतात. त्यामुळे त्या वेळी हे पाऊल किती मोठे होते याची कल्पना येणे कठीण आहे. तमाशा हा ब्राह्मणेतर आणि विशेषतः अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कलावंतांचा खेळ. त्यांच्यात मिसळणे म्हणजे पंक्तीला मुकणे, घराण्याच्या वृत्तीवर पाणी सोडणे, पुढच्या पिढीची सोयरीक अडचणीत आणणे. मुद्गल जोशींनी धाकट्या भावाला घराबाहेर काढले, असे सर्वच चरित्रकार सांगतात. त्यांना निष्ठुर ठरवणे सोपे आहे. त्यांची उपजीविकाच गावाच्या श्रद्धेवर होती, हे लक्षात घेतले म्हणजे मात्र त्यांचा कोंडमारा समजू शकतो. रात्री फडात बसणाऱ्याच्या भावाकडून सकाळी पुराण ऐकायला कोण येणार?

घर सुटलेला राम तडक फडात गेला नाही, हा त्याच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग आणि नेमका तोच लोकांच्या आठवणीत नसतो. तो पंढरपूरला गेला. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवरचे हे क्षेत्र त्या काळी विद्येचेही केंद्र होते. तेथे बाबा पाध्ये यांच्याकडे त्याने संस्कृत काव्य आणि शास्त्र यांचे अध्ययन केले. हाकलून दिलेल्या भावाला थोरल्याहून सरस पंडित होऊन दाखवायचे होते की काय, कोण जाणे. पण तो खरोखरच पंडित होऊन बाहेर पडला. पुढे त्यांच्या नावावर 'मदालसाचंपू' ही संस्कृत वळणाची रचना सांगितली जाते, ती याच तयारीचे फळ. विद्या संपादन केल्यावर ते कीर्तन करू लागले. आवाज होता, पाठांतर होते, शीघ्र रचना करण्याची हातोटी होती. घराला आणि गावाला मान्य होईल असा मार्ग त्यांना अखेर सापडला होता.

आणि तरीही ते लावणीकडे परतले.

का परतले, याची उत्तरे निरनिराळी देतात. कुणी पैशाकडे बोट दाखवते, कुणी छंदाकडे, कुणी स्त्रीकडे. प्रस्तुत लेखकाला वाटते, की त्यांच्या रचना वाचल्यावर वेगळे उत्तर शोधण्याची गरज उरत नाही. पंडिती कवितेत त्यांना जे साधता आले असते, ते त्यांच्या आधी पुष्कळांनी साधले होते. लावणीच्या चालीत संस्कृत पांडित्य ओतून, ते डफाच्या ठेक्यावर भर चौकात गाऊन दाखवणे ही गोष्ट मात्र कुणी केलेली नव्हती. अनुप्रास आणि यमक यांची अशी झड त्यांनी लावली, की अर्थ कळण्याआधीच श्रोत्याची मान डोलावी. स्त्रीच्या रूपाचे नखशिखान्त वर्णन करणारी त्यांची एक लावणी दोनशे वर्षांनंतरही गायली जाते. त्याच लेखणीतून कृष्णलीला उतरल्या, वेदान्त उतरला आणि वरवरच्या धर्माचरणाची टर उडवणारे खणखणीत उपदेशपर कवनही उतरले. अंगाला भस्म फासणाऱ्या आणि माळा ओढणाऱ्या ढोंग्यांवर कोरडे ओढण्याचा अधिकार, वेदपाठी घरातून हाकलल्या गेलेल्या आणि तरीही शास्त्र जाणणाऱ्या माणसाइतका दुसऱ्या कुणाला असणार?

त्यांच्या एका रचनेच्या आरंभीच्या शब्दांवरून मराठी छंदशास्त्रात एका वृत्ताला केशवकरणी हे नाव पडले. पुढच्या कवींनी आणि नाटककारांनी हे वृत्त मनमुराद वापरले. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना सोलापूरच्या शाहिराची आठवण होती, हा प्रश्नच आहे. कवीचे नाव मागे राहिले आणि त्याची चाल पुढे निघून गेली.

तमाशाच्या तेव्हाच्या रचनेविषयी दोन शब्द येथे सांगायला हवेत, कारण पुढचा घोळ त्यावाचून उलगडत नाही. पेशवाईतील फडात शाहीर, डफवाला, तुणतुणेवाला, झीलकरी आणि स्त्रीवेषातील नाच्या पोऱ्या असे लोक असत. फडांचे कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन तट होते. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर आले की एकाने कवनातून कूट सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे कवनातूनच उत्तर द्यायचे. पुराणकथांचे ज्ञान, गणित, अध्यात्म, शब्दांचे खेळ सारे त्यात येई. अशा सामन्यात शास्त्र शिकलेला आणि शीघ्रकवी असलेला राम जोशी उतरला म्हणजे प्रतिपक्षाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. बैठकीत लावणी गाणाऱ्या कलावंतिणी होत्या, पण त्यांचा आणि उघड्या फडाचा मामला वेगळा. फडावर स्त्री उभी राहिली ती फार नंतर, पठ्ठे बापूराव यांच्या काळात. त्यांच्या फडातील पवळा हिला हा मान दिला जातो.

त्यांच्या चरित्रातील दुसरे मोठे नाव म्हणजे मोरोपंत. बारामतीचे हे महापंडित राम जोशींहून सुमारे तीस वर्षांनी मोठे. आर्यांचे सम्राट, पण त्यांची कविता सामान्यांच्या कानापर्यंत पोचायची तर कीर्तनकाराचे तोंडच हवे. राम जोशींनी आपल्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गावोगाव नेल्या आणि मोरोपंतांनीही या तरुणाची मनापासून वाखाणणी केली, असे परंपरा सांगते. मोरोपंतांच्या शब्दाखातर त्यांनी तमाशा सोडला, अशीही आख्यायिका आहे. तिचा दुसरा पाठ संगमनेरच्या अनंत फंदींच्या नावावर ऐकू येतो. तेथे उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आहेत आणि फंदी डफ बाजूला ठेवून कीर्तनाकडे वळतात. दोन शाहीर, दोन उपदेशक, गोष्ट मात्र एकाच साच्यातली. माणसांच्या नावांचा गोंधळ होतो तसा गोष्टींचाही होतो. शाहिराची कविता तर हवी, पण त्याचा तमाशा नको, अशा अडचणीत सापडलेल्या शिष्ट समाजाने आपल्या समाधानासाठी हा पश्चात्तापाचा प्रसंग प्रत्येकाच्या चरित्रात जोडला असावा, असा संशय येतो.

तारखाही हेच सुचवतात. मोरोपंत १७९४ साली वारले. दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर आला १७९६ साली. म्हणजे मोरोपंतांची भेट आणि उपदेश हे सारे घडले असेल तर बाजीरावाच्या कारकिर्दीपूर्वी, राम जोशी ऐन तारुण्यात असताना. उलट त्यांच्या शाहिरीच्या वैभवाचा काळ म्हणून जो सांगितला जातो, तो बाजीरावाच्या पुण्याचा. आधी वैभव, मग विलास आणि मग मोरोपंतांच्या शब्दाने वैराग्य, असा गोष्टीला शोभणारा क्रम त्या तारखांत बसत नाही. मग उरते ते साधे चित्र. कीर्तन आणि लावणी ही दोन्ही या माणसाने आयुष्यभर, कधी हे तर कधी ते, गरजेप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे केली. हे चित्र गोष्टीइतके नाट्यमय नाही. खरे असण्याचा संभव मात्र अधिक.

पुण्यात ते कीर्तीच्या शिखरावर असताना त्या शहराचे दिवस मात्र फिरले होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि वसईच्या तहाने इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. दरबारात लावणीवर दौलतजादा होत होती आणि रस्त्यावर माणसे अन्नान्न करीत मरत होती. राम जोशींचे निधन झाले ते १८१२ किंवा १८१३ साली. पेशवाई बुडालेली पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांना जाऊन पाचसहा वर्षे झाली होती.

शाहीर गेला की त्याच्या कवनांचा मालक कोण? तेव्हा छापखाने नव्हते. लावण्या शिष्यांच्या मुखात आणि फडकऱ्यांच्या बाडांत राहिल्या. कविता कुणाची हे सांगणारी एकच खूण असे, शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. ती खूण किती कच्ची! गाणाऱ्याला वाटले तर तो आपल्या गुरूचे नाव घाली, आठवण चुकली तर दुसऱ्या शाहिराचे. होनाजी बाळा हे नाव आपण एका दमात घेतो. ते होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर अशा दोन मित्रांचे जोडनाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते? एक रचणारा, दुसरा गाणारा. नाममुद्रेने दोघांचा एक केला. राम हे नाव तर घरोघरचे. राम अशी मुद्रा असलेले पद समोर आले, तर ते कोणत्या रामाचे हे भाषेवरून, शब्दकळेवरून आणि यमकांच्या घडणीवरूनच ओळखावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी राम जोशींच्या लावण्या जमवून छापल्या, म्हणून आज त्यांच्याविषयी काही खात्रीने बोलता येते. शाहिरी वाङ्मयाला मान नसण्याच्या त्या काळात बाडे धुंडाळीत बसणाऱ्या शाळिग्रामांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांचेही नाव आता कुणी घेत नाही.

येथवर कथा पहिल्या राम जोशींची. दुसऱ्या राम जोशींचा जन्म मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात झाला.

व्ही. शांताराम यांनी १९४२ साली ही संस्था काढली. 'लोकशाहीर रामजोशी'चे दिग्दर्शन सुरुवातीला त्यांचे गुरू बाबूराव पेंटर यांच्याकडे होते. पुढे ते शांतारामांनी हाती घेतले. पेंटर हे आडनाव नव्हे, कलेमुळे पडलेले नाव. मूळचे ते मेस्त्री. नावांची ही गंमत या चित्रपटाच्या पावलोपावली आहे. यातील एक गायक नट परशुराम, आणि पेशवाईतील एका नामवंत शाहिराचेही नाव परशुराम. नायकाची भूमिका करणारा जयराम. त्याच्या नावातच राम. पटकथा, संवाद आणि गीते ग. दि. माडगूळकर यांची. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुढे कथाकार आणि पटकथालेखक झाल्यावर तेथेही माडगूळकर कोणते, हे सांगण्याची पाळी आलीच. संगीत वसंत देसाई यांचे. बया झाल्या हंसा वाडकर. हिंदीत हाच चित्रपट 'मतवाला शायर रामजोशी' या नावाने निघाला.

चित्रपटाने मिळवलेले यश अफाट होते. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे पंचवीस-तीस वर्षे टिकली, तिचा उगम येथे आहे. ब्राह्मण कवी तमाशातील नर्तकीच्या प्रेमात पडतो, जातीतून बहिष्कृत होतो, डफ हाती घेऊन पेशव्यांपर्यंत पोचतो, व्यसनाने खचतो आणि पुन्हा उभा राहतो, अशी ती कथा. तिच्यात रंग आहे, संगीत आहे आणि जातीच्या भिंतींविरुद्ध धाडसी सूरही आहे. १९४७ साली हा सूर लावणे सोपे नव्हते, हे श्रेय दिलेच पाहिजे.

पण ही कथा कुणाची? प्रेक्षागृहातील कितीतरी लोकांच्या स्मरणात आणखी एक ब्राह्मण शाहीर ताजा असणार. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, डिसेंबर १९४५ मध्ये वारले होते. चित्रपट येण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी. कुलकर्णीपण सोडून तमाशात गेलेला, पवळेसाठी जातीचा रोष पत्करलेला हा कलावंत. पडद्यावरच्या राम आणि बया यांच्या जोडीत बापूराव आणि पवळा यांची छाया दिसते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. बयाचे नाव राम जोशींच्या आख्यायिकांत येते, हे खरे. पण पेशवाईच्या फडावर नाच्या पोऱ्या उभा राहायचा, हे वर सांगितलेच आहे. सवाल-जवाबात राम जोशींसमोर उभी ठाकणारी देखणी बया ही विसाव्या शतकातील तमाशातून मागे, अठराव्या शतकात नेऊन बसवलेली आहे. १९५० साली पठ्ठे बापूरावांवरही स्वतंत्र चित्रपट निघाला. तोवर त्यांच्या आयुष्याचा गाभा दुसऱ्याच शाहिराच्या नावावर जमा झाला होता.

याहून जुनी छायाही शोधता येते. सतराव्या शतकातील पंडितराज जगन्नाथ आणि यवनी लवंगी यांची कथा कीर्तनांतून आणि पुढे रंगभूमीवरून महाराष्ट्रात घरोघरी पोचली. संस्कृतचा प्रकांड पंडित, परजातीची प्रेयसी, बहिष्कार, शेवटी गंगेने केलेला उद्धार. आपल्या शाहिराच्या पित्याचे नाव जगन्नाथ. राम जगन्नाथ या नावाला ती कथा चिकटायला वेळ तो किती लागणार? हा निव्वळ तर्क आहे, तसाच वाचकांनी तो घ्यावा.

गीतांचा घोळ त्याहून नाजूक. चित्रपटात राम जोशींच्या काही मूळ रचना आहेत आणि माडगूळकरांनी त्याच घाटात रचलेली नवी गीतेही आहेत. माडगूळकर हे जातिवंत कवी. शाहिरी बाज त्यांनी असा पकडला, की सांधा दिसू नये. परिणाम असा, की मैफलीत माडगूळकरांचे गीत राम जोशींची लावणी म्हणून गायले जाते आणि राम जोशींची अस्सल लावणी चित्रपटातील गाणे म्हणून. दोन्ही कवींवर हा अन्याय आहे. शाळिग्रामांनी छापलेल्या संग्रहाशी ताडून पाहिले तर पाच मिनिटांत निकाल लागतो, पण तेवढी तसदी घेतो कोण? पूर्वी बाडातील नाममुद्रा बदलत असे, आता तबकडीच्या वेष्टणावरचे नाव बदलते, एवढाच फरक.

जयराम शिलेदारांचा यात काही दोष नाही, हेही सांगायला हवे. ते मुळात संगीत रंगभूमीचे. पत्नी जयमालाबाई यांच्यासह १९४९ साली त्यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि पडत्या काळात संगीत नाटक जिवापाड जपले. १९९२ साली ते निवर्तले. आयुष्यात असंख्य भूमिका करूनही लोकांनी त्यांना रामजोशी म्हणूनच ओळखले. म्हणजे भूमिकेने कवीला झाकले तसे नटालाही झाकले. हंसा वाडकर यांच्या वाट्याला तर अधिकच विलक्षण योग आला. त्यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन गाजले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला. त्यांचे आयुष्य आता स्मिता पाटील यांच्या चेहऱ्याने आठवले जाते. बयेचे सोंग घेणाऱ्या स्त्रीचेही सोंग दुसऱ्या कुणी घेतले.

या दोन राम जोशींना वेगळे कसे ओळखावे? एक खूण सोलापूरकरांच्या चटकन ध्यानात येईल. राम जोशींनी मराठी, संस्कृत, हिंदी आणि कानडी अशा भाषांचे मिश्रण करून लावणी रचल्याचे अभ्यासक आवर्जून नोंदवतात. पुण्याच्या पंडिताला संस्कृत येईल, दरबारात वावरणाऱ्याला हिंदी येईल, पण कानडी? ती येते सोलापूरच्या पेठांतून. सिद्धरामेश्वरांच्या या गावात मराठी आणि कानडी शतकानुशतके एकाच ओट्यावर बसत आल्या आहेत. बाजारात भाव कानडीत व्हावा, शिवी हिंदीत द्यावी आणि कीर्तन मराठीत ऐकावे, ही येथली रीत. मुद्गल जोशींच्या घरातील हाकललेला मुलगा ही मिसळ लहानपणी कानांत साठवूनच पंढरपूरला आणि नंतर पुण्याला गेला. परळच्या स्टुडिओतील रामजोशीच्या तोंडी सुबक, एकसंध मराठी आहे आणि ती ऐकायला गोडही लागते. चार भाषांच्या त्या लावणीवरची नाममुद्रा उद्या पुसली गेली, तरी ती कोणत्या रामाची आणि कोणत्या गावची, हे येथील भाजी मंडईत रोज जाणारा माणूस सांगू शकेल.